एकटीचा कोरस

मीटरकाकांना हे नाव पडलं ते स्टुडिओत. गाणारा कितीही जीव तोडून गात असो, ध्वनिमुद्रण करणारे हे गृहस्थ काचेच्या अलीकडे मान खाली घालून आवाज मोजणाऱ्या मीटरच्या काट्याकडे बघत बसायचे. काटा तांबड्यात गेला की हात वर, गाणं बंद. एका गायकाने एकदा वैतागून विचारलं, "अहो, पण गाणं कसं झालं?" तर हे म्हणाले, "ठीक. दुसऱ्या कडव्यात थोडं तांबड्यात गेलं." त्या दिवसापासून अख्खा स्टुडिओ त्यांना मीटरकाका म्हणू लागला. तेव्हा ते चाळीशीच्याही अलीकडे होते, पण काका म्हटल्याचं त्यांना काही वाटलं नाही.

आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत समोरच्या भिंतीशी दोन काळे स्पीकर, कमरेइतके उंच, आणि त्यांच्यासमोर बरोब्बर मधोमध एक खुर्ची. खुर्चीच्या चारही पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या. केर काढताना खुर्ची हलली तर पुन्हा तिथेच यायला हवी. वीतभर इकडेतिकडे झालं तरी यांना चालत नाही. दुसरी खुर्ची ठेवायची झाली तर कुठे ठेवायची, हा एक प्रश्नच होता. पण तो सोडवायची वेळ कधी आली नाही.

बायको गेली त्याला अडतीस वर्षं झाली. बत्तिशीत गेली, आठ दिवसांच्या तापाने. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. स्टुडिओच्या कामाला घड्याळ नसतं, लेकराला सांभाळणार कोण, म्हणून मुलगी आत्याकडे गेली आणि तिथेच वाढली, शिकली. आता ती लांबच्या शहरात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन येतो. औषध घेतलंत का, गुडघा कसा आहे, दुसरं काय. "दुसरं काय" म्हटलं की फोन ठेवायची वेळ झाली. भांडण कधीच नव्हतं. आईबद्दल बाबा आपणहून सांगतील म्हणून ती थांबली, ती विचारेल म्हणून हे थांबले, आणि एवढ्यात तिला बेचाळिसावं लागलं.

त्या रविवारी मात्र "दुसरं काय" नंतर ती म्हणाली, "बाबा, कपाट आवरताना आईचा एक फोटो सापडला. त्यात तिचं तोंड उघडं आहे. काहीतरी बोलतेय ती."

"कुठला गं?"

"जिन्यात उभी आहे. ते जाऊ दे. मला एकदम वाटलं, हिचा आवाज कसा होता ते मला माहीतच नाही. आठवून बघितलं, काहीच आठवत नाही. कुणाला विचारायचं तर आत्याही गेली. कसा होता हो आवाज?"

काका खुर्चीत सावरून बसले. आयुष्यभर आवाजाचं काम केलेला माणूस, आणि बायकोचा आवाज सांगायला त्यांच्याकडे एक शब्द नव्हता. बारीक, जाड, गोड? हे तर कुणाच्याही आवाजाबद्दल म्हणता येतं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उजळला.

"सांगायचं कशाला? आहे की आवाज! गाण्यात आहे. तुझी आई कोरसमध्ये गायची, माहीत आहे ना?"

"आत्या म्हणायची. पण त्या टेपा सगळ्या गेल्या ना?"

"टेपा गेल्या. एक रेकॉर्ड आहे माझ्याकडे. आणि तुला तर रेकॉर्डही नको, ते गाणं आता फोनवर फुकट मिळतं."

त्यांनी गाण्याचं नाव सांगितलं. कुणाची तरी वाट बघण्याचं गाणं होतं. त्या काळात गाण्यांना दुसरं कामच नव्हतं. मुख्य गायिका नावाजलेली, पण रेकॉर्ड काही चालली नाही, रेडिओवरही कधी लागली नाही. ध्रुवपदाच्या दोन ओळी मागून कोरस म्हणतो, तो कोरस म्हणजे आई; बाकीच्या गाण्यांत ती घोळक्यात मिसळलेली. "एकटीच," काका म्हणाले, आणि त्यात थोडा आपलाही मोठेपणा होता.

त्याची हकिकत अशी. कोरसला चार बायका हव्या होत्या आणि कंपनीचा मालक म्हणाला, एकीतच भागवा. मालक असा की चहासुद्धा अर्धाच सांगायचा. तेव्हा काकांनी एक युक्ती केली. बाकीचं सगळं गाणं मधोमध ठेवलं, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून सारखंच येईल असं. बायकोच्या माईकचा आवाजही दोन्हींकडे दिला, पण एका बाजूला तार उलटी जोडून. एका स्पीकरने हवा पुढे ढकलायची तेव्हाच दुसऱ्याने मागे ओढायची. अशाने कानाला आवाजाचा ठावठिकाणा लागत नाही. मधोमध बसलेल्याला वाटतं, आवाज स्पीकरमधून येतच नाही, भिंतींतून येतोय, पाठीमागून येतोय. एक बाई गात होती आणि खोलीभर बायका गातायत असं वाटत होतं. मालक खूश झाला. तीन बायकांचे पैसे वाचले.

मुलीने फोन ठेवला आणि वीस मिनिटांनी पुन्हा केला.

"बाबा, यात कोरसच नाही."

"कान साफ कर," काका हसून म्हणाले. "ध्रुवपदाला ऐक."

"तीनदा ऐकलं. ध्रुवपदाला नुसतं वाजतंय, कुणी गात नाहीये. दुसरं गाणं असेल का?"

काकांनी आपल्या फोनवर ते गाणं लावलं. फोनवर गाणं ऐकणं हे त्यांना गाळणीतून पाणी पिण्यासारखं वाटे, म्हणून आजवर त्यांनी ते कधी केलंच नव्हतं. गायिका आली. कडवं आलं. ध्रुवपद आलं, आणि बायकोच्या जागी कुणीच नव्हतं. आवाज बारीक झालेला नव्हता की फाटलेला नव्हता. तिथे ती नव्हतीच. जेवायच्या पंगतीतून एक माणूस उठून गेल्यावर ताट तेवढं राहावं, तशी दोन ओळींची जागा तेवढी राहिली होती.

कारण त्यांना लगेच कळलं. ते त्यांचंच काम होतं.

निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं त्यांना एकच काम दिलेलं होतं: जुन्या सगळ्या टेपा संगणकात भरायच्या. टेपांना जागा लागते, जागेला भाडं लागतं. मालकाच्या गादीवर आता त्याचा पुतण्या होता. तो म्हणाला, "काका, दोन बाजू कशाला? दोन्हींची बेरीज करून एकच बाजू ठेवा. जागा निम्मी लागेल, फोनवर पटकन उतरेल. लोक भांडी घासताना ऐकतात हो, कुणाला फरक कळणार?" काकांनी थोडं तोंड वाकडं केलं, पण जिवावर उदार होऊन भांडण करावं असं त्यांना वाटलं नाही. चार हजारांवर गाणी होती. टेप लावायची, कळ दाबायची, काट्यावर नजर ठेवायची. ऐकत कोण बसतंय? आणि दोन बाजूंची बेरीज केली की पुढे ढकलणं आणि मागे ओढणं यांचं होतं शून्य. साधं गणित. गायिका दोन्हीकडे सारखी होती, ती दुप्पट झाली. बायको पुसली गेली. मग टेपा टेम्पोत भरून गेल्या, आणि टेम्पोत चढवायला हातभारही यांनीच लावला होता.

मुलीला त्यांनी हे सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तिथलं खराब झालंय. मी घरची रेकॉर्ड उतरवून पाठवतो."

पुढचे चार दिवस काकांना उसंत नव्हती. रेकॉर्ड धुतली, मऊ फडक्याने टिपली, सुई बदलली. खुर्चीत बसून ऐकलं: ध्रुवपद आलं आणि भिंतींतून, पाठीमागून, खोलीभर बायको आली, नेहमीसारखी. इतकी वर्षं ते असंच करत आले होते. महिन्या-दोन महिन्यांनी रेकॉर्ड काढायची, सुई नेमकी ध्रुवपदावर ठेवायची, वीस सेकंद ऐकायचं, सुई उचलायची. रेकॉर्ड झिजू नये म्हणून. मन भरेपर्यंत ऐकायची चैन त्यांनी कधी केली नाही. आता ते सगळं गाणं त्यांनी दोन्ही बाजू सांभाळून संगणकात उतरवलं, आकार बघून पुतण्याला फेफरं आलं असतं एवढी मोठी फाइल केली, आणि पाठवली.

रविवारी अकराला फोन आला. सुरुवातीलाच ती "बाबा" म्हणाली, आणि त्या एका शब्दावरून काकांना कळलं की काम झालेलं नाही.

"आवाज स्वच्छ आहे एकदम. पण ती नाहीये यात."

"कशावर लावलंस?"

"ओट्यावर आहे ना माझा, वाटीएवढा गोल. त्याच्यावरच ऐकते मी सगळं."

वाटीएवढा गोल, म्हणजे एकच स्पीकर. दोन्ही बाजू त्याच्या पोटात जाणार, त्यांची बेरीज होणार, आणि पुन्हा शून्य. काकांनी कपाळाला हात लावला. "कानात घालायचं लाव बरं. दोन्ही कानांत."

"एकच उरलाय त्यातला, दुसरा हरवला. आणि बाबा, तो एकटा असला की फोन आपोआप सगळं एकातच देतो. मला तेवढं पुरतं. गिऱ्हाइकाचं ऐकायला दुसरा कान मोकळा लागतो."

"मग इकडे ये. या खुर्चीत बस, पाच मिनिटं."

"बघू. सुट्टी मिळाली की."

हे "बघू" काकांच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यांनी तारांचं सगळं समजावून सांगायला घेतलं, ढकलणं, ओढणं, बेरीज. ती ऐकत होती, मधूनमधून हं म्हणत होती, आणि काकांच्या लक्षात आलं की चष्म्याच्या दुकानात म्हाताऱ्या माणसांचं ऐकताना ती असंच हं म्हणत असणार. शेवटी ती अगदी मायेने म्हणाली, "असेल बाबा. तुम्ही म्हणता तर असेल. इतकी वर्षं तुम्ही एकटे ऐकताय, तुम्हाला येत असेल ऐकू. राहू दे आता. नका त्रास करून घेऊ."

काकांनी फोन ठेवला. ती खोटं म्हणाली असती, आलं ऐकू म्हणाली असती, तर परवडलं असतं. पण तिला वाटत होतं, बाबांना भास होतो. जगात बायकोचा आवाज आठवणारे आता बहुधा ते शेवटचेच होते, आणि मुलीच्या लेखी तो आवाज त्यांच्या डोक्यातच होता. ते उद्या गेले की स्पीकर भंगारात, रेकॉर्ड रद्दीत आणि ती कायमची गेली. काकांना भयंकर एकटं वाटलं. बायको गेली तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा रडणारी माणसं निदान आजूबाजूला होती.

दुपारी भांडी घासताना त्यांचा हात थांबला. बेरजेत ती जाते. मग वजाबाकी केली तर?

एका बाजूची तार आपणच उलटी केली, तर आजवर जे सारखं होतं ते विरुद्ध होईल आणि जे विरुद्ध होतं ते सारखं. मग दोन्ही बाजू एकात घातल्या की शून्य होईल गायिकेचं. वाद्यांचं. मधोमध ठेवलेल्या सगळ्याचं. राहील ती फक्त एक, आणि तीही दुप्पट. मग वाटीएवढ्या स्पीकरवर ऐका नाहीतर फुटक्या फोनवर, कुणी तिला पुसू शकणार नाही. एवढी साधी गोष्ट सुचायला चार हजार गाणी आणि एवढी वर्षं लागली म्हणून काकांनी स्वतःला दोन शेलक्या शिव्या दिल्या आणि ओल्या हातानेच हत्यारांचा डबा काढला.

सुईच्या डोक्यामागे केसाएवढ्या चार तारा असतात. त्यांतल्या दोघींची अदलाबदल करायची. तरुणपणी हे ते शीळ घालत करायचे. आता चिमट्याचं टोक जागेवर ठरेना. सोमवारची सकाळ गेली, मंगळवारी एक तार तुटली, बुधवारी भिंग आणलं, गुरुवारी जमलं. दोन्ही बाजू एकत्र करून त्यांनी एकच स्पीकर चालू ठेवला, आणि सवयीने सुई नेमकी ध्रुवपदावर नेली. खरखर, तडतड, बारीक बारीक वाळू सांडल्यासारखी, आणि तिच्यातून बायको. एकटी. भिंतींतून नाही, समोरून. आजवर त्यांना वाटायचं, ती खोलीभर आहे. आता वाटलं, ती हाताच्या अंतरावर उभी आहे. दोन ओळी झाल्याबरोबर त्यांनी सुई उचलली. जमलं होतं. आणखी ऐकायचा त्यांना धीर झाला नाही, आणि रेकॉर्डही जपायची होती.

रविवारी अकराला त्यांनी फोन स्पीकरसमोर पुस्तकांच्या चवडीवर टेकवून ठेवला.

"बाबा, पुन्हा तेच का?" मुलगी म्हणाली. पण तिच्या आवाजात कंटाळा नव्हता, काळजी होती.

"एकदा ऐक. नाही ऐकू आली तर पुन्हा नाव काढणार नाही. थांब, ध्रुवपदावर लावतो."

"नाही, सुरुवातीपासून लावा. मला नीट ऐकू दे."

काकांनी सुई पहिल्या रेघेवर ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले. खरखर सुरू झाली. वाद्यांच्या जागी काहीच नव्हतं. मग जिथे गायिकेने सुरू करायचं तिथे, खरखरीच्या तळाशी, कुणीतरी गाऊ लागलं. अगदी हळू. ओठातल्या ओठात.

काका चटकन उठले. "गायिकेचा आवाज थोडा राहिलाय. तार नीट बसली नाही बहुतेक. थांब जरा."

"बाबा, हात लावू नका."

काका उभेच राहिले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. एक श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू आला, आणि तो गायिकेच्या श्वासाच्या जागी नव्हता. गायिका ती ओळ एका दमात घ्यायची. गाजलेली होती त्यासाठी. हा आवाज मध्ये थांबला, दम घेतला आणि पुढे गेला. मग ध्रुवपद आलं आणि तोच आवाज, मध्ये जराही न तुटता, पाऊल पुढे टाकून मोठा झाला. दोन ओळी तो मोकळा गायला. दोन ओळी संपल्या आणि तो पुन्हा मागे सरून, हळू, कुणाला कळणार नाही एवढा होऊन पुढचं कडवं गाऊ लागला.

तिचा माईक मधल्या वेळात बंद करायला हवा होता. पण उघडझाक केली की खट्ट आवाज येतो, म्हणून काकांनी तो गाणंभर उघडाच ठेवला होता. काचेपलीकडे दहा फुटांवर ती उभी होती आणि सगळं गाणं गात होती. एकूण एक ओळ, एकूण एक हरकत. त्यांना ती हवी होती फक्त दोन ओळींपुरती, आणि इतकी वर्षं ते तिला दोन ओळींपुरतीच ऐकत आले होते.

गाणं संपलं. सुई आतल्या रेघेत फिरत राहिली.

"बाबा," मुलगी म्हणाली. "तिला सगळं पाठ होतं."

"हो."

"घरी म्हणायची का हे गाणं?"

"म्हणत असेल. मी स्टुडिओत असायचो."

"तिला गायचं होतं का हो? म्हणजे असं मागे उभं राहून नाही. पुढे."

काकांना खूप काही आठवत होतं. कुठला माईक होता, किती अंतरावर ठेवला होता, त्या दिवशी तिसरा टेक का फुकट गेला. टेक झाल्यावर ती केबिनच्या दाराशी आली होती आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली होती, हेही आठवलं. काका टेप गुंडाळत होते. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत तिला?"

"नाही."

तिने फोन ठेवला नाही. ती म्हणाली, "परत लावा."

काका रेकॉर्डपाशी गेले. डोळे भरून आल्यामुळे रेघ दिसत नव्हती.

"लावतो," ते म्हणाले. "जरा थांब."